फोन चांगला आहे

"पाहा ना, आजबी नाही लागून राहिला," म्हणत मथुराबाईनं फोन केवलरामच्या नाकासमोर धरला, तेव्हा सकाळचे साडेदहाही वाजले नव्हते आणि ही तिची तिसरी खेप होती.

केवलराम अंगणात कूलरच्या वाळ्याच्या जुन्या ताट्या सोडवत बसला होता. मार्च लागला की भिलाईत कूलर बाहेर काढावेच लागतात. त्यानं पक्कड खाली ठेवली, हात बनियनला पुसले, चष्मा चढवला आणि तिच्याकडून फोन घेतला. ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. इतकी जवळ, की तिच्या केसांतल्या तेलाचा वास त्याला येत होता.

त्यानं सेटिंग उघडली. वायफाय बंद केलं, चालू केलं. विमानाचं चिन्ह दाबलं, मनात दहापर्यंत मोजलं, पुन्हा दाबलं. घरचं नेटवर्क एकदा विसरायला लावलं, आणि मग पासवर्ड एकेक अक्षर तोंडानं म्हणत परत टाकला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात चिन्ह उमटलं. त्याच्या बाजूला बारीकसं उद्गारचिन्ह. खाली ओळ आली: जोडलेले आहे, इंटरनेट नाही.

"पंखा तं लागला," मथुराबाई म्हणाली. त्या चिन्हाला ती पंखा म्हणायची.

"लागला."

"पण हवा नाही येऊन राहिली." आणि स्वतःच्याच बोलण्यावर ती खुदकन हसली.

केवलराम उठून आत गेला. टीव्हीच्या फळीवरचा राऊटर त्यानं बंद केला, वायर काढून तिच्या टोकावर फुंकर घातली, परत खोचली, दिवे एकेक करून लागेपर्यंत उभा राहिला. ती मागोमाग आली होती. त्याच्या पाठीशी उभं राहून तीही दिवे बघत होती.

"राहू द्या मंग. जेवून पाहजा," ती म्हणाली. "तुमच्या हातून कोनता फॉल्ट सुटला आजपावतर? सापडनच."

फॉल्ट कुठं आहे हे केवलरामला ठाऊक होतं. तो त्यानंच करून ठेवला होता.

केवलराम फुंडे आमगावजवळच्या एका खेड्यातून बाविसाव्या वर्षी भिलाईत आला आणि अडतीस वर्षं पोलाद कारखान्यातल्या रेल मिलच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये राबला. मोठा हुद्दा कधी मिळाला नाही, त्यानं मागितलाही नाही. पण पॅनल उघडून बसला की माणूस चहालाही उठायचा नाही. फ्यूज उडाला म्हणून नवा घातला आणि मोटर चालू झाली, एवढ्यानं त्याचं समाधान होत नसे. "फ्यूज गेला हे दिसून राहिलं. कावून गेला ते सांगा," असं तो बरोबरच्या पोरांना विचारायचा. कारण सापडल्याशिवाय लॉगबुकात 'ओके' लिहायचा नाही. पोरं मागून हसायची, पण सुट्टीच्या दिवशी काही अडलं की मिलची गाडी त्याच्याच क्वार्टरसमोर येऊन थांबायची. मथुराबाई तेव्हा सेक्टरातल्या बायकांना मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "डबा बांधून देतो, थांबा. केव्हा सुटका होईन, नेम नाही."

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून ती दोघं भिलाईतच रुआबांध्यात स्वतः बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात आली. एकुलती एक मुलगी, उन्नती, लग्न होऊन इंदूरला होती. एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत टेक्निशियन. सगळं जागच्या जागी लागलं होतं.

मग दोन वर्षांपूर्वी वरणात मीठ दोनदा पडू लागलं. एकदा मथुराबाई भाजी घेऊन निघाली आणि स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास उभी राहिली. सेक्टर नऊच्या हॉस्पिटलात डॉक्टरनं तिच्यापुढं कागद ठेवून घड्याळ काढायला सांगितलं. तिनं गोल काढला, पोळीसारखा नेमका गोल, आणि बाराही आकडे एका बाजूला दाटीवाटीनं लिहिले. लिहून झाल्यावर तिलाच काहीतरी खटकलं. तिनं कागद उलटा करून ठेवला. डॉक्टरनं पुढं बरंच सांगितलं. केवलरामच्या ध्यानात राहिला तो उलटा कागद तेवढा.

आकडे गेले, वार गेले, भाच्यांची नावं गेली. फोनवरचं व्हॉट्सअॅपचं हिरवं चिन्ह आणि त्यातला उन्नतीचा फोटो मात्र राहिला. फोटोवर बोट ठेवलं की पोरगी समोर येते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आधी दिवसातून पाचसहा वेळा बोट ठेवलं जायचं. मग वीस वेळा. "तू गॅस बंद केला का?" "आज सोमवार होय का गं?" "तुझे बाबा ड्यूटीवर गेले, मले घरात भेव लागते." केवलराम त्या वेळी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचा.

होळीच्या आधी उन्नतीचा त्याला फोन आला. आवाज पार बसलेला होता.

"बाबा, काल एक्केचाळीस कॉल होते आईचे. मोजले मी. आमच्याकडं वॉर्डवाले पण व्हॉट्सअॅपवरच कॉल करतात, फोन सायलेंट नाही ठेवता येत. काल डिलिव्हरीची पेशंट होती, ब्लड पाहिजे होतं, और मेरा फोन आईच्या कॉलवर अडकलेला. सात मिनिट, बाबा. बाई वाचली. पण मले लिखित में नोटीस भेटली."

केवलरामनं हातातला पेपर घडी करून ठेवला.

"लोक म्हणतात, ब्लॉक कर आईला. त्या बटनापर्यंत बोट जाते माझं. पण माझ्याकडून नाही होत." ती रडत होती. "तुम्ही काहीतरी करा ना, बाबा. कुछ भी करो."

त्यानं केलं. मथुराबाईच्या सिमचं रिचार्ज त्यानं संपू दिलं. राऊटरचं अॅप त्याच्या फोनमध्ये होतंच. त्यात घरातल्या वस्तूंची यादी होती: त्याचा फोन, टीव्ही, आणि 'मथुरा'. नाव त्यानंच घातलेलं. नावापुढचं बटन सरकवलं, तिथं लाल गोल आला. पाच मिनिटंही लागली नाहीत. रोज संध्याकाळी सात वाजता उन्नती त्याच्या फोनवर लावील आणि आईशी बोलेल, असं बापलेकीचं ठरलं.

उन्नती नेमानं फोन लावायचीही. मथुराबाई अर्धा अर्धा तास बोलायची. फोन ठेवल्यावर घटकाभरानं विचारायची, "पोरीचा कईच फोन नाही ना?"

त्याला वाटलं होतं, दोन दिवस फोन लागला नाही की ती नाद सोडेल. पण ती रोज फोन घेऊन यायची. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "नेट गेलं असन." दुसऱ्या दिवशी काय म्हणायचं? मग तो दुरुस्त करायला बसला. खोटं बोलणं एक वेळ सोपं. पण हे खोटं त्याला हातांनी करावं लागायचं, तेही रोज तीनतीन वेळा, तीच बटनं त्याच क्रमानं दाबत. आणि तो दुरुस्त करत असेपर्यंत ती शांत असायची. तिला भीती वाटायची नाही, आज कोणता वार हे आठवायची धडपड नसायची. नवरा फॉल्ट शोधतो आहे, म्हणजे आता काळजी नाही, अशी ती त्याच्या खांद्याला टेकून बसायची. दिवसभरात ती एवढी जवळ दुसऱ्या कधी बसत नसे. केवलरामला ते बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याचीच त्याला सगळ्यांत जास्त शरम वाटायची.

गुढीपाडव्याच्या आदल्या आठवड्यात तिची औषधं संपली. हॉस्पिटलच्या खिडकीवर तास-दीड तास मोडतो, म्हणून शेजारच्या साधनाताईंना तिच्याजवळ बसवून केवलराम स्कूटरनं सेक्टर नऊला गेला. नंबर यायला चार माणसं उरली असताना त्याचा फोन वाजला. उन्नती होती.

"बाबा, तुम्ही आईचं वायफाय चालू केलं का?"

"नाही तं. कावून?"

"आताच तिचा व्हिडिओ कॉल होता. मी सॅम्पल लावून राहिली होती, उचलता नाही आला."

 घरचं वायफाय तिला बंद. सिममध्ये नेट नाही. तरी फोन लागला. म्हणजे फोन दुसऱ्या कुणाच्या वायफायवर आहे. म्हणजे ती घरात नाही.

"तू ठेव," तो म्हणाला, आणि रांग सोडून निघाला.

घराचं दार सताड उघडं होतं. साधनाताई गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. "भाऊजी, कुकरची शिटी झाली म्हणून दोन मिनिटं घरी गेले हो. दोनच मिनिटं. परत येते तर ह्या नाहीत. सगळी गल्ली पाहिली."

"तिच्याकडं फोन हाय काय?"

"हातातच होता. सकाळपासून मला म्हणत होत्या, दुरुस्तीला टाकायचा आहे."

बाजारात मोबाईल दुरुस्तीची तीन दुकानं होती. दुसऱ्या दुकानात राजदीप बसलेला होता. चाळिशीचा सरदार, केवलरामला तोंडओळखीनं ओळखणारा.

"हां अंकल, आंटी आई थी," तो म्हणाला. "बोलीं, वाईफाई ठीक कर दो. मैंने दुकान का लगाया तो झट से चल गया. फोन एकदम चंगा है. बिटिया को लगाया भी, उसने उठाया नहीं. मैंने बताया उनको, आपके घर के राऊटर में किसी ने इस फोन को ब्लॉक कर रखा होगा. घर में जो जानकार हो उससे बोलो, एक मिनिट का काम है."

"मंग? किधर गई?"

"बोलीं, जानकार तो ड्यूटी पे हैं. आटो रुकवाया और बोलीं, प्लांट, मेन गेट." राजदीप थांबला. "अंकल, आप तो रिटायर हो ना?"

केवलराम तोवर दुकानाबाहेर पडला होता. स्कूटर सुरू करताना त्याचा पाय दोनदा किकवरून सटकला.

मेन गेटपाशी दुपारच्या शिफ्टचे लोक आत शिरत होते. सायकली, मोटरसायकली, बस. पाच वर्षांपूर्वीपर्यंत या गर्दीत तोही असायचा. आज त्याला त्यातला एकही चेहरा ओळखीचा दिसला नाही. गार्डरूमच्या सावलीत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर मथुराबाई बसली होती. पायांत चपला दोन निराळ्या, मांडीवर फोन, हातात पाण्याचा ग्लास. शेजारी उभा जवान केवलरामला पाहून पुढं आला.

"आपकी हैं? नाम बोल रही थीं, केवलराम, रेल मिल. हमने अंदर फोन करके पूछा भी. इस नाम का कोई है नहीं. हमने बिठा लिया."

"मेरी ही है," केवलराम म्हणाला. "बहुत मेहरबानी."

मथुराबाईनं त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आले का? सुटली शिफ्ट?"

तो "हो" म्हणणार होता. गेले दोन आठवडे अशा प्रत्येक ठिकाणी तो "हो"च म्हणत आला होता.  पण आज तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"लई वेळ झाला बसली," ती म्हणाली. "तो दुकानवाला सरदार म्हणे, फोन चांगला हाय. घरातल्याच कोनी बंद करून ठेवला म्हणे." तिनं आवाज खाली आणला. जवानाकडं एकदा पाहून घेतलं. "मी इचार करून राहिली. आपल्या घरी हाय कोन? तुमी अन् मी."

केवलरामनं खाली पाहिलं. डांबरावर कुणाच्यातरी डब्यातला भात सांडला होता.

"मंग माझ्यानंच झालं असन ते," मथुराबाई म्हणाली. "माझ्या हातानंच काईतरी दाबल्या गेलं. मले आजकाल सुदरत नाही ना. तुमी रोज रोज तो फॉल्ट पाहून राहिले, अन् केलेला माझाच." तिनं फोन त्याच्या हातात ठेवला आणि त्याची मूठ स्वतःच्या हातानं मिटवली. "पोरीले नका सांगजा. ते म्हणन, आई बिघडली."

केवलरामच्या जवळून माणसांचे पाय जात होते. कुणीतरी घंटी वाजवून त्याला बाजूला व्हायला सांगत होतं. तो उठला नाही.

"तू नाही केली," तो म्हणाला. "मी केलो."

"काय?"

"तुझा फोन मीच बंद केलो. जाणून. रोज जे पाहत होतो, ते झूट होतं."

मथुराबाई त्याच्याकडं बघत राहिली. कपाळावर आठ्या जमल्या. ती शब्द एकापुढं एक लावून पाहत असावी, तशी. आणि मग कसं कोण जाणे, पण त्या घटकेला तिच्या डोळ्यांत अगदी पूर्वीची मथुरा आली. डबा बांधून देणारी, एका नजरेत माणूस जोखणारी.

"कावून?" तिनं विचारलं.

"उन्नतीले तरास होत होता. ती रक्ताच्या ड्यूटीवर असते अन् तू फोन करते. दिवसाचे चाळीस चाळीस. तिले नोटीस भेटली."

"चाळीस?"

"एक्केचाळीस."

 हातातला ग्लास तिनं खुर्चीच्या पायाशी नीट ठेवला.

"मंग मले सांगाचं ना," ती म्हणाली.

"सांगतलं असतं, पण तू..." केवलराम अडला.

"इसरली असती," तिनंच त्याचं वाक्य पुरं केलं. "हो. इसरली असती. तरी सांगाचं. इसरली असती तं अजून एकदा सांगाचं. मी काही लहान लेकरू नाही होय, का दरवाजा बाहेरून लावून गेले."

केवलरामचे डोळे भरून आले. अडतीस वर्षं या गेटातून आतबाहेर केलं, पण इथं उभं राहून तो कधी रडला नव्हता. जवान पाठ वळवून दुसरीकडं बघू लागला.

"चला," मथुराबाई म्हणाली. "घरी जाऊ. भूक लागली."

घरी आल्यावर चपला काढायच्या आधी त्यानं आपला फोन उघडला आणि 'मथुरा'पुढचा लाल गोल काढून टाकला. तिच्या हातातला फोन एकदम टिणटिणू लागला. दुकानात उतरायचे राहिलेले दोन आठवड्यांचे निरोप एकामागून एक उतरत होते: भाच्यांच्या मुलांचे फोटो, कुणाचा तरी वाढदिवस, उन्नतीनं पाठवलेलं तिच्या गॅलरीतलं जास्वंद. मथुराबाई दचकली आणि मग हसली.

"सापडला ना फॉल्ट?" ती म्हणाली. "मी म्हणतच होती."

गेटावरचं सगळं तेवढ्या वाटेत पुसलं गेलं होतं. केवलरामला माफ केल्याचंही.

रात्रीचं जेवण होण्याआधी त्यानं उन्नतीला फोन करून सगळं सांगितलं. "हॉस्पिटलचा नंबर वेगळा ठेव अन् आईसाठी वेगळा," तो म्हणाला. "दुसरा फोन घे एक साधा. ड्यूटीवर कपाटात ठेव. सुटी झाली का पाह्य."

 "हे आधी कावून नाही सुचलं आपल्याले, बाबा?"

"घाई केली," केवलराम म्हणाला. "कारण नाही शोधलं अन् फ्यूज काढून बसलो."

उन्नतीनं तसं केलं. पण मथुराबाईसाठी फोन वाजून न उचलला जाणं म्हणजे इंदूरला काहीतरी आक्रीत घडणं. ती धावत यायची. "पोरगी फोन नाही उचलून राहिली! काई झालं तं नाही?" मग केवलराम हातातलं काम ठेवायचा, तिला बसवायचा आणि सांगायचा. "ती ड्यूटीवर हाय. रक्ताचं काम हाय तिचं. मधात फोन घेतला तं पेशंटले तरास होते. सात वाजता ती स्वतः लावते. मी इथंच हाव."

"असं का?" मथुराबाई म्हणायची. "मंग मी करून राहिली ते चूकच झालं की." तिचा चेहरा उतरायचा, प्रत्येक वेळी, कारण प्रत्येक वेळी ती ते पहिल्यांदाच ऐकत असायची. फोन ती उलटा करून ठेवायची. अर्ध्या तासानं पुन्हा धावत यायची आणि तो पुन्हा सांगायचा. तोच मजकूर, तोच आवाज; एक शब्द गाळला नाही की एकदाही "आत्ताच तं सांगतलं" म्हणाला नाही.

भिंतीपलीकडून साधनाताईंना हे दिवसभर ऐकू जायचं. एकदा वाटीभर बेसनाची खारी ठेठरी द्यायला आल्या, तेव्हा त्यांनी न राहवून विचारलं, "भाऊजी, थकत नाही का हो तुम्ही?"

"तिनंच म्हटलं हाय तसं," तो म्हणाला. कुठं, कधी, ते त्यानं सांगितलं नाही.

त्या वर्षी पाऊस झाला, गणपती बसले, उठले. दिवाळीला उन्नती चार दिवस आली. पहिल्या दिवशी आईनं तिला दारातच मिठी मारली. तिसऱ्या दिवशी दुपारी विचारलं, "तुमच्या घरचे वाट पाहत असतीन ना?" उन्नती मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. जाताना तिनं आईच्या फोनच्या पडद्यावर स्वतःचा नवा फोटो मोठा करून लावून दिला.

दिवाळीनंतर फोन कमी होत गेले. तीसचे पंधरा झाले. पंधराचे चार. मथुराबाई फोन हातात घ्यायची, आरशासारखा त्यात बघायची, पदरानं पुसायची आणि उशीजवळ ठेवून द्यायची. केवलराम तो रोज चार्ज करायचा. संध्याकाळी सातला आपल्या फोनवरून उन्नतीला लावून तिच्या हातात द्यायचा. ती "हो, हो" म्हणायची आणि लवकरच फोन त्याच्याकडं परत करायची.

डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास उन्नतीचा त्याला फोन आला.

"बाबा, आईचं वायफाय चालू हाय ना?"

"चालू हाय. कावून?"

"पाच दिवस झाले, तिचा एकही कॉल नाही." ती घाईघाईनं बोलत होती. "दिवसभर दोन्ही फोन जवळ ठेवते मी. कदाचित अपडेटनंतर सेटिंग बदलली असेल. किंवा पासवर्ड. एक बार देखो ना, बाबा. नीट पाहा."

केवलराम आत गेला. उशीजवळचा फोन घेऊन पलंगाच्या काठावर बसला. चष्मा चढवला. वायफाय चालू होतं. नेटवर्क घरचंच होतं. चिन्हाच्या सगळ्या रेषा भरलेल्या, बाजूला काही नाही. आपल्या फोनमधली यादी त्यानं उघडली. 'मथुरा'पुढं काहीही अडवलेलं नव्हतं. हिरवं चिन्ह दाबलं, आवाज वाढवला, परवानग्या एकेक करून तपासल्या. जेवढं काही तपासता येण्यासारखं होतं तेवढं तपासलं, आणि तपासून झाल्यावरही आणखी काही उरलं आहे का म्हणून तो पडद्याकडं बघत बसला.

"फोन चांगला हाय, बाई," शेवटी तो म्हणाला.

"मग?"

 "थांब," तो म्हणाला. "मी लावतो तिच्या फोनवरून."

मथुराबाई अंगणात उन्हाला बसून लाखोळीची भाजी निवडत होती. पानं एका बाजूला, देठ दुसऱ्या बाजूला. यात मात्र तिची चूक होत नसे. केवलरामनं उन्नतीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि फोन तिच्यासमोर धरला. पलीकडून लगेच उचलला गेला.

"आई!"

मथुराबाईनं मान वर केली. पडद्यातल्या चेहऱ्याकडं तिनं नीट पाहिलं. मग ओला हात पदराला पुसला आणि पदर डोक्यावर घेतला, बाहेरचं कुणी आलं की घ्यावा तसा.

"या ना, बसा," ती म्हणाली.

समोरची भाजी बाजूला सारून तिनं जागा केली.

"कोनाकडच्या तुमी?"

"इथलीच हो," उन्नती म्हणाली. तिनं आवाज सांभाळला होता. "उन्नती नाव आहे माझं."

"चांगलं नाव हाय." मथुराबाईला खरंच आवडलं असावं, कारण तिनं ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "कोनं ठेवलं?"

"आईनं."

"हुशार बाई दिसते." तिनं भाजीची आणखी एक जुडी मांडीवर ओढली. "एकट्याच आल्या का? घरी लेकरं काय करतात? बोला ना, मी आयकून राहिली. माझे हात चालतात, पण कान इकडंच हाय."

उन्नती बोलू लागली. मुलगा शाळेत जातो, म्हणाली. हट्टी आहे, वरण-भाताशिवाय दुसरं खात नाही, म्हणाली. मथुराबाई देठ मोडत हं हं करत होती, मधूनच हसत होती.

केवलराम फोनच्या मागं उभा होता. त्याला पडदा दिसत नव्हता, दोघींचे आवाज तेवढे ऐकू येत होते. थोड्या वेळानं त्याचा हात भरून आला. त्यानं दुसऱ्या हाताचा आधार दिला आणि फोन तसाच धरून ठेवला.